बाळगोळी, गर्द, गर्दुल्ला : मुंबईच्या नशेचा शब्देतिहास

'अफूची गोळी' हा शब्दप्रयोग मराठी विचारविश्वात सर्वपरिचित आहे. धर्माविषयीच्या परिसंवादात तो एकदा तरी उच्चारला जातोच. कार्ल मार्क्सने १८४४ मध्ये धर्मासंबंधी केलेल्या विधानाचे हे मराठी रूप होय. मूळ विधानात केवळ अफू आहे. 'गोळी' ही मराठीने आपल्या पदरची घातली. ती मराठीला नेमकी कोठून सुचली हे सांगणे अवघड आहे. परंतु एक गोष्ट मात्र निश्चित: ज्या मुंबईत मार्क्सचा विचार मराठीत रुजू लागला, त्याच मुंबईच्या गिरणगावात अफूची खरीखुरी गोळी घरोघर होती. ती तान्ह्या मुलांना दिली जाई आणि तिचे नाव 'बाळगोळी' असे होते. रूपकातली गोळी आमच्या वैचारिक वाङ्मयात अजरामर झाली. पाळण्यातली गोळी मात्र विस्मरणात गेली.

प्रस्तुत लेखात मुंबईतील मादक पदार्थांचा सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आम्ही शब्दांच्या वाटेने पाहणार आहोत. पदार्थाला काय म्हटले गेले, तो विकणाऱ्याला काय म्हटले गेले आणि तो घेणाऱ्याला काय म्हटले गेले, हे तीन प्रश्न आम्ही प्रत्येक कालखंडास विचारणार आहोत. नशेने शरीराची आणि संसाराची होणारी हानी प्रत्येक काळात खरीच होती. पण तिच्याकडे काणाडोळा करायचा, तिला शिक्षा करायची, की तिच्यावर उपचार करायचे, हे समाजाने तिला दिलेल्या नावात बरेचसे ठरून जाते, असे आमचे प्रतिपादन आहे. आम्ही ट्रॉम्बे-गोवंडी-मानखुर्दच्या परिसरात मराठी साहित्य शिकवतो. या भागातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी 'गर्दुल्ला' हा शब्द सहज असतो. त्या शब्दामागे केवढा इतिहास आहे, हे त्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचावयास मिळत नाही. हा लेख लिहिण्यामागचे निमित्त तेवढेच.

१. पेटी

मुंबईचा अफूशी पहिला मोठा संबंध आला तो विक्रेती म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल इलाख्यातील अफूवर ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता होता. पाटणा आणि बनारसची अफू कंपनीच्या देखरेखीखाली तयार होई आणि कलकत्त्यास लिलावाने विकली जाई. माळव्याची गोष्ट वेगळी होती. तेथील अफू प्रामुख्याने शिंदे-होळकरांच्या आणि इतर संस्थानांच्या मुलखात पिके, त्यामुळे तिच्यावर कंपनीचा थेट अंमल चालत नसे. ती अडवण्याचे प्रयत्न झाले तेव्हा माल राजपुताना, सिंध आणि कराची असा वळसा घालून पोर्तुगीजांच्या दमणला पोहोचू लागला. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने पेटीमागे परवान्याचे शुल्क आकारून हा माल मुंबईवरून जाऊ देण्याचे धोरण पत्करले. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर आडवाटही बुजली आणि माळव्याच्या अफूचे मुख्य दार म्हणून मुंबई कायम झाली.

या व्यापारात पारशी, मारवाडी, गुजराती, कोकणी मुसलमान, गोव्याचे ख्रिस्ती आणि इंग्रज असे सर्वच होते. मोहम्मद अली रोगे आणि रोजेरियो द फारिया ही नावे त्या काळच्या कागदपत्रांत जमशेटजी जीजीभाईंच्या बरोबरीने येतात. जमशेटजींचा व्यापार कापूस आणि अफू यांवर उभा होता आणि कँटनमधील जार्डिन-मॅथेसन या पेढीशी त्यांचे निकटचे संबंध होते. १८४२ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली आणि १८५७ मध्ये 'बॅरोनेट' हा किताब. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले. आजही मुंबईचा गोरगरीब 'जेजे'च्या पायरीवर भरवशाने जातो. अमर फारुकी यांच्या २००६ मधील 'ओपियम सिटी' या ग्रंथाने व्हिक्टोरियन मुंबईच्या उभारणीत अफूच्या भांडवलाचा वाटा किती मोठा होता, हे साधार दाखवून दिले. ही दानशूरता खोटी होती असे कोणी म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही. इंग्रजी अमलात हा व्यापार कायदेशीर होता आणि समाजमान्यही होता. चीनमध्ये मात्र त्याला बंदी होती. १८३९ मध्ये लिन झशू या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यांत मुंबईकरांचाही माल होता. त्यातूनच पहिले अफूयुद्ध पेटले.

येथील भाषा पाहण्याजोगी आहे. पदार्थ 'माल' आहे, त्याचे माप 'पेटी' आहे, विकणारा 'शेट' आहे आणि पुढे 'सर' आहे. घेणाऱ्याला नाव नाही. तो समुद्रापलीकडे आहे. जेथे घेणारा दिसत नाही, तेथे हानीचा हिशेब करावा लागत नाही. एकोणिसाव्या शतकातील कित्येक वर्षे हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नात जमीनमहसुलाच्या खालोखाल अफूचे उत्पन्न होते, आणि ही निर्यात १९१३ पर्यंत चालू राहिली.

२. बाळगोळी

घेणारा शहराच्या आतही होता. १८९३ मध्ये रुस्तम पेस्तनजी जहांगीर यांनी मुंबईतील अफू ओढणाऱ्यांच्या जीवनकथा इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने अफूविषयी रॉयल कमिशन नेमले. १८९५ च्या अहवालात या कमिशनने हिंदुस्थानातील अफूच्या सेवनाची तुलना युरोपातील मद्यपानाशी केली आणि सरसकट बंदीची आवश्यकता नाही असा निष्कर्ष काढला. तिजोरीचे हित आणि हा निष्कर्ष यांची सांगड इतिहासकारांनी पुढे अनेकदा दाखवली आहे.

कमिशनच्या सभागृहात जे आले नाही ते गिरणगावच्या खोल्यांत होते. पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत गिरणीकामगारांचा आकडा लाखाच्या पुढे गेला आणि त्यांतील सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. रत्नागिरी, सातारा येथून आलेल्या या स्त्रियांनी गावाकडची सासू-नणंद मागे ठेवली होती. दहा-बारा तासांची पाळी करताना तान्हे मूल कोणापाशी ठेवावयाचे, या प्रश्नाला शहराने दिलेले उत्तर म्हणजे बाळगोळी. त्या काळच्या इंग्रजी अहवालांत तिचा उल्लेख 'बाला गोली' असा येतो. सरकारमान्य दुकानात मिळणाऱ्या अफूपासून केलेली ही गोळी सकाळी मुलाच्या तोंडात गेली, की मूल दिवसभर निपचित पडे. १९२२ मध्ये डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने मुंबई सरकारसाठी गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. त्यांच्या अहवालानुसार कामगार स्त्रियांच्या शंभरातील ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जात होती.

या गोळीने काय होई? अफूतील मॉर्फिन मेंदूतील श्वसनाचे केंद्र मंदावते. प्रौढाला पेंग आणणारी मात्रा तान्ह्याचा श्वास थांबवू शकते. शिवाय सदैव गुंगीत असलेले मूल भुकेने रडत नाही, त्यामुळे त्याला दूधही कमी मिळते. ते वाळत जाते, आणि ते वाळणे दृष्ट, मुडदूस, देवीचा कोप अशा नावांखाली खपून जाते.

आता पुन्हा नावाकडे वळू. 'बाळगोळी' हे नाव 'बाळगुटी'च्या पंक्तीतले आहे. त्यात माया आहे, औषधाचा भास आहे आणि परंपरेचा दिलासाही आहे. या नावाने हानी झाकली हे खरेच. पण ते नाव ठेवणाऱ्या आईला दोष देण्यापूर्वी इंग्लंडकडेही पाहिले पाहिजे. तेथील गिरणीकामगार स्त्रिया याच कारणासाठी 'गॉडफ्रेज कॉर्डियल' हे अफूयुक्त औषध मुलांना पाजत, आणि मार्क्सने 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात कारखानदारीच्या परिणामांची चर्चा करताना मुलांना अफू पाजण्याच्या या प्रकाराची नोंद घेतली आहे. गिरणी मँचेस्टरची असो वा परळची, तिने आईचा वेळ विकत घेतला आणि त्या वेळेची भरपाई अफूने झाली.

या समस्येवर उपाय कोणता झाला, हे आमच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातील सर्वात शिकण्याजोगे प्रकरण आहे. आयांना तुरुंगात घालण्याचा मार्ग कोणी सुचवला नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचे समर्थन केले. बाळंतपणाच्या काळात स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असून त्याचा भार मालकाने आणि सरकारने उचलावा, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा प्रसूती-लाभ कायदा झाला. पुढे गिरण्यांत पाळणाघरे आली, अफूच्या विक्रीवर निर्बंध येत गेले आणि बाळगोळी हळूहळू लोप पावली. मूल ठेवायला जागा मिळाली तशी गोळीची गरज सरली. हानीचे कारण ओळखले गेले तेव्हा उपाय सापडला, एवढे हे प्रकरण स्पष्ट सांगते.

३. प्याला

आमच्या साहित्याने या काळात काय पाहिले? महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेत दारूच्या दुकानांना विरोध करणारे पत्र दिले. दारू गोरगरिबांचा संसार कसा नासवते याची त्यांना स्पष्ट जाण होती आणि सरकारी उत्पन्नाशी असलेले तिचे नातेही त्यांना दिसत होते. साहित्यात मात्र व्यसनाची सर्वश्रेष्ठ शोकांतिका लिहिली ती राम गणेश गडकऱ्यांनी. त्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'तील सुधाकर हा बुद्धिमान वकील आहे. त्याचे पतन आपल्याला हादरवते, कारण तो उंचावरून पडतो. शोकांतिकेचा जुना संकेतच तसा आहे.

'एकच प्याला' ज्या दशकात प्रेक्षकांना रडवत होता, त्याच दशकात बार्न्सबाई गिरणगावातील पाळणे मोजत होत्या. सिंधूच्या मुलाचा मृत्यू मराठी प्रेक्षकाला पाठ झाला. गिरणगावातल्या मुलांचा मृत्यू अहवालाच्या तक्त्यात राहिला. हा गडकऱ्यांचा दोष म्हणता येणार नाही. कोणत्या व्यसनाला शोकांतिकेचा मान द्यावा आणि कोणते व्यसन आकडेवारीत टाकावे याविषयीची ती त्या काळची वाङ्मयीन दृष्टी होती. मद्यपी हा माणूस म्हणून साहित्यात आला. अफू घेणारा तसा येण्यास आणखी सहा-सात दशके जावी लागली.

४. गर्द

स्वातंत्र्यानंतर अफूचा वैद्यकीयेतर वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले आणि १९५९ मध्ये तो अधिकृतपणे बंद झाला. नोंदणी असलेल्या जुन्या व्यसनींना तेवढी मर्यादित सवलत राहिली. मुंबईत कामाठीपुऱ्याजवळच्या शुक्लाजी स्ट्रीटवर चंडू ओढण्याचे अड्डे त्यानंतरही चालू होते. जीत थयिल यांच्या २०१२ मधील 'नार्कोपोलिस' या इंग्रजी कादंबरीचा विषय तोच आहे: चिलमीतल्या अफूचे संथ जग ओसरते आणि त्या जागी भुकटीचे हिंसक जग येते.

ही भुकटी आली कोठून? १९७९ या एकाच वर्षी इराणात क्रांती झाली, पाकिस्तानात मादक पदार्थांविरुद्ध कडक फर्मान निघाले आणि वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अफूचे जुने मार्ग विस्कटले आणि अफगाण-पाकिस्तान सीमाभागात अफूपासून हेरॉइन बनवण्याचा धंदा फोफावला. त्यातील अशुद्ध, तपकिरी प्रकार म्हणजे 'ब्राऊन शुगर'. १९८० च्या दशकाच्या आरंभी ती मुंबईत पसरली. ज्या शहराने पूर्वी अफूच्या पेट्या पूर्वेकडे धाडल्या, त्याच शहरात आता अफूचा अर्क पश्चिमेकडून येत होता. याच सुमारास, जानेवारी १९८२ मध्ये, गिरणीसंप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांतील अनेक पुन्हा कामावर गेलेच नाहीत. संपामुळे गर्द आले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु जयंत पवारांच्या 'अधांतर' या १९९७ मधील नाटकाने ज्या घरांचे चित्र रेखाटले, तशा हजारो घरांतील तरुण मुलांना त्या वर्षांत ना काम होते ना भविष्य, आणि पुडी मात्र नाक्यावर होती.

'गर्द' हे या भुकटीचे नाव. फारसीत गर्द म्हणजे धूळ. मराठीत हाच उच्चार पूर्वीपासून दुसऱ्याच अर्थाने नांदत होता: गर्द झाडी, गर्द सावली, गर्द हिरवा. कवींच्या लाडक्या असलेल्या या शब्दावर पाच-सहा वर्षांत काजळी धरली. 'पुडी' या शब्दाचेही तेच झाले. अंगाऱ्याची, कुंकवाची, वैद्याच्या औषधाची पुडी आता कुजबुजत मागितली जाऊ लागली. सिगारेटच्या चकाकत्या कागदाला 'पन्नी' आणि त्यावर भुकटी तापवून धूर ओढण्याला 'चेसिंग' म्हणू लागले. पदार्थ न मिळाल्यावर शरीराची होणारी तगमग 'टर्की' झाली. इंग्रजीतील 'कोल्ड टर्की'चे हे मुंबईकर अर्धुक.

ही 'टर्की' समजल्याशिवाय गर्द समजत नाही. हेरॉइन मेंदूतील अशा ग्राहकांना चिकटते, जे वेदना आणि सुख यांचे नियमन करतात. काही आठवड्यांतच शरीर त्याला सरावते आणि तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते. मग सुख उरत नाही. उरते ते त्रास टाळण्याचे काम. शेवटच्या मात्रेनंतर साधारण आठ ते बारा तासांत नाक-डोळे गळू लागतात, हातापायांत गोळे येतात, उलट्या-जुलाब होतात आणि झोप उडते. दोन-तीन दिवस हा त्रास शिगेला असतो आणि आठ-दहा दिवसांत तो ओसरतो. मनाची ओढ मात्र महिनोन्‌महिने राहते. म्हणूनच शरीर मोकळे झाले तरी माणूस पुन्हा घसरतो. सुटकेनंतरच्या या घसरणीत मोठाच धोका असतो. शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस जुन्याच मात्रेने सुरुवात करतो, तेव्हा श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. धुराऐवजी सुई आली की त्यात एचआयव्ही आणि काविळीच्या विषाणूंची भर पडते. मुंबईत १९९५ पासून 'संकल्प' या संस्थेने रस्त्यावरील अशा रुग्णांमध्ये केलेले काम याच भानातून उभे राहिले.

आणि माणसाचे नाव? 'गर्दुल्ला'. या शब्दाच्या शेपटीतच हेटाळणी आहे. वृत्तपत्रांत तो प्रामुख्याने गुन्ह्याच्या बातमीत येतो: गर्दुल्ल्याने पाकीट मारले, गर्दुल्ल्याने लोखंड चोरले, पुलाखाली गर्दुल्ल्यांचा वावर. व्यसनी चोरी करतो हे खोटे नाही. घरातील भांड्यांपासून ती सुरू होते हे या परिसरातील कोणतीही आई सांगेल. पण हा शब्द चोरी दाखवतो आणि आजार लपवतो. बाळगोळीने हानीवर मायेचे पांघरूण घातले होते. गर्दुल्ला या शब्दाने सारी हानी एका माणसाच्या कपाळावर डागली. पदार्थ धूळ होता; माणूसही धूळ झाला.

५. रुग्णमित्र

याच वर्षांत डॉ. अनिल अवचटांनी गर्दचा शोध घेतला. स्वतः वैद्यकीय पदवीधर असलेला हा लेखक व्यसनी मुलांपाशी जाऊन बसला, त्यांचे ऐकले आणि त्यांच्याच बोलीत ते लिहिले. १९८६ मधील त्यांच्या 'गर्द' या पुस्तकाचे वाङ्मयीन महत्त्व आमच्या मते पुरेसे ओळखले गेलेले नाही. रिपोर्ताज या प्रकाराविषयी बोलताना आपण त्याचे नाव घेतो खरे, पण त्याने केलेली क्रांती विसरतो. सुधाकराला जे मिळाले होते ते गर्द घेणाऱ्या मुलाला येथे प्रथम मिळाले: स्वतःची गोष्ट, स्वतःचे आईबाप, स्वतःची लाज.

या लेखनाचा परिणाम वाङ्मयाबाहेर झाला. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी व्यसनमुक्ती केंद्रासाठी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झाले. मुंबईत वांद्र्याला फादर ज्यो परेरा यांची 'कृपा' ही संस्था १९८१ पासून काम करीत होतीच. मुक्तांगणने मराठी भाषेला दिलेली देणगीही आम्हांस मोलाची वाटते. तेथे उपचार घेणाऱ्यास 'रुग्णमित्र' म्हणतात. त्यांच्या पत्नींचा गट 'सहचरी' या नावाने ओळखला जातो. स्त्रियांसाठीच्या स्वतंत्र केंद्राचे नाव 'निशिगंध'. ही नावे केवळ गोड नाहीत. 'रुग्ण' म्हटल्याने व्यसन हा आजार ठरतो, आणि 'मित्र' म्हटल्याने बरे होण्याच्या कामात त्याचाही वाटा मान्य होतो. बरा झालेला रुग्ण तेथेच कार्यकर्ता होऊ शकतो, याचे बीज या शब्दात आहे.

त्याच सुमारास राज्यसंस्थेने वेगळा शब्द निवडला होता. १९८५ चा मादक पदार्थविरोधी कायदा त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला अमलात आला. तो व्यापाऱ्यावर कठोर आहे, तसे पदार्थ घेणे हादेखील त्याच्या लेखी गुन्हाच आहे. स्वेच्छेने उपचारास येणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारी तरतूद याच कायद्यात आहे. पण ती किती घरांना ठाऊक आहे? पोलिसांच्या भीतीने लोक मुलाला केंद्रात नेण्याऐवजी घरात कोंडून ठेवतात, हे आम्ही आमच्या परिसरात पाहिले आहे.

६. ट्रॉम्बे

ट्रॉम्बे हे 'तुर्भे' या नावाचे इंग्रजी वळण. साष्टीच्या पूर्वेस खाडीत असलेले हे जुने बेट, कोळ्यांचे आणि मिठागरांचे. शहराला जे जवळ नको होते ते या दिशेने ढकलले गेले. १९२७ पासून देवनारला शहराचा कचरा पडू लागला. १९५० च्या दशकात तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, औष्णिक वीजकेंद्र आले आणि अणुसंशोधन केंद्र आले. तेथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही आशियातील पहिली अणुभट्टी सुरू झाली. देशाला भूषण असलेल्या या केंद्राशेजारी शहरातून हलवलेल्या लोकांची जनता कॉलनी होती. आणीबाणीत, १९७६ मध्ये, तीही उठवली गेली आणि रहिवाशांना चिता कॅम्पच्या दलदलीत जागा मिळाली. या लोकांचे नेते जॉकिन अर्पुथम यांना पुढे २००० मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात ट्रॉम्बे, गोवंडी, मानखुर्द यांचा समावेश असलेला एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत खालच्या स्थानी होता.

हा तपशील देण्यामागे एक सावधगिरीही आहे. या वस्त्यांतील बहुसंख्य माणसे कष्टाने जगतात आणि कोणत्याही नशेच्या वाटेला जात नाहीत. व्यसन बंगल्यातही असते. तेथे ते दारामागे राहते, तर दहा बाय बाराच्या खोलीत त्याला दारच नसते, ते गल्लीत येऊन बसते. म्हणून वृत्तपत्राला ते येथेच दिसते. हेही लक्षात घ्यावयास हवे की केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारू पिणाऱ्यांची संख्या सुमारे १६ कोटी आहे, तर अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांची सुमारे सव्वादोन कोटी. संसार मोडणारे सर्वांत व्यापक व्यसन आजही गडकऱ्यांचेच आहे. त्याच पाहणीतील एक आकडा शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावा: व्हाइटनर, सोल्युशन यांसारखे हुंगण्याचे पदार्थ घेण्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आहे. हे पदार्थ कोणत्याही दुकानात मिळतात, आणि त्यांनी हृदयाची लय बिघडून एकाएकी मृत्यू ओढवू शकतो.

येथील शब्दसंग्रहही बदलला आहे. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, 'बटण' म्हणजे झोपेच्या गोळ्या, आणि गेल्या काही वर्षांत 'एमडी', म्हणजे मेफेड्रोन. गर्द माणसाला पेंगवते. एमडी त्याला जागवते. झोप उडते, भूक मरते, छातीत धडधड होते, संशयाने मन पोखरले जाते, प्रसंगी तो सख्ख्या भावावर हात उगारतो. २०१५ पर्यंत हा पदार्थ कायद्याच्या यादीतही नव्हता. ऑगस्ट २०२२ मध्ये नालासोपाऱ्यात सुमारे ७०० किलो मेफेड्रोन पकडले गेले. त्या तपासाचा धागा गोवंडीत पकडलेल्या लहानशा साठ्यापासून निघाला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या तपासात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाना उघड झाला. म्हणजे इतिहासाने तिसरे वळण घेतले. प्रथम मुंबईने नशा परदेशी पाठवली, मग परदेशाची नशा घेतली, आणि आता ती महाराष्ट्रातच, रसायनशास्त्राच्या पदवीधरांच्या कौशल्यावर तयार होऊ शकते. 'एमडी' या दोन अक्षरांना मात्र ना माया आहे ना हेटाळणी. डॉक्टरच्या पदवीसारखे दिसणारे हे नाव हानीविषयी काहीच बोलत नाही, आणि मुलांना त्याची भीती न वाटण्याचे तेही एक कारण असावे.

या इतिहासातून साहित्याच्या वर्गाला काय घेता येईल? व्यसनमुक्तीच्या सप्ताहात भिंतीवर घोषवाक्ये लावली जातात. त्यांचा उपयोग मर्यादित आहे. आम्ही गेली काही वर्षे 'एकच प्याला'च्या जोडीने 'गर्द' शिकवतो आणि विद्यार्थ्यांना आपापल्या वस्तीतील नशेचे शब्द जमवून आणावयास सांगतो. शब्द जमवणारा विद्यार्थी आधी हसतो. मग त्या शब्दांपैकी एखादा आपल्याच भावाला किंवा मामाला लागू होतो, हे त्याच्या ध्यानात येते. तेथून पुढचे बोलणे वर्गात होत नाही. ते तास संपल्यावर, व्हरांड्यात, हलक्या आवाजात होते. त्या वेळी शिक्षकापाशी उपदेश नसला तरी चालेल, पत्ता मात्र असावा: जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचा, एखाद्या विश्वासार्ह केंद्राचा, आणि केंद्र सरकारच्या १४४४६ या निःशुल्क मदतवाहिनीचा. आमच्या विभागाच्या फळ्याच्या कोपऱ्यात हा क्रमांक आता कायमचा लिहिलेला असतो; तो पुसायचा नाही, असे आम्ही शिपाईमामांनाही सांगून ठेवले आहे.